बंबाची धाकटी बहीण

पहिल्यांदा किटली पेटवली ती घराच्या गच्चीत, आणि ओळीनं तीनदा विझली. चौथ्यांदा जाळ धरला, पण धूर एवढा झाला की वाळत घातलेले कपडे पळत जाऊन काढावे लागले. अर्ध्या तासानं पाणी जेमतेम कोमट. सोबतच्या कागदावर तर लिहिलं होतं, चार-पाच मिनिटांत उकळतं.

ही किटली, तिचं नाव केली केटल, माझ्या धाकट्या भावानं आणली. तो आयर्लंडमध्ये नोकरीला आहे. दोन वर्षांपूर्वी दिवाळीला आला तेव्हा बॅगेत स्वेटरमध्ये गुंडाळून घेऊन आला. महिन्यातून एकदा तरी मी डोंगरावर जाते, कधी नवरा आणि भाच्याबरोबर, कधी शाळेतल्या मैत्रिणींबरोबर. मुक्काम असला की गॅसचा छोटा डबा मधेच संपेल याची धास्ती मला कायम असते, हे त्याला ठाऊक. "ताई, हिला गॅस नको, रॉकेल नको. वाटेत पडलेल्या काटक्या बास," एवढंच म्हणाला.

दिसायला ती दुधाच्या किटलीसारखीच. स्टीलची, सव्वा लिटर पाणी मावेल एवढी, वजनाला किलोभर. वरून आत डोकावलं की वेगळेपण कळतं. मधोमध आरपार पोकळ नळकांडं आहे, खाली रुंद आणि वर निमुळतं होत गेलेलं. पाणी भरायचं ते हे नळकांडं आणि बाहेरचा पत्रा यांच्या मधल्या पोकळीत. खाली एक सुटी वाटी असते, तिच्या अंगाला एक गोल भोक. जाळ वाटीत करायचा, किटली वर ठेवायची आणि मग काटक्या वरून, धुराड्यातून सोडत राहायच्या. चुलीवर पातेलं ठेवलं की जाळ लागतो तो बुडाला, उरलेला कडेनं निघून जातो. इथं जाळ पाण्याच्या पोटातून वर चढतो.

गच्चीतला तो सगळा प्रकार आप्पा खुर्ची टाकून बघत बसले होते. वय ७८. शेवटी उठून आले, किटली हातात घेऊन उलटी-सुलटी केली, धुराड्यातून आभाळ बघितलं आणि म्हणाले, "अगं, हा बंब आहे."

आणि खरंच की. आमच्या जुन्या घरात न्हाणीच्या दाराशी तांब्याचा बंब होता. मधे धुराडं, भोवती पाणी, खाली जाळी, जाळीखाली राख पडायची जागा. सकाळी पाचला आजी उठायची आणि पहिला आवाज यायचा तो बंबात कळशी ओतल्याचा. मग करवंट्या, लाकडाच्या ढलप्या, शेणीचा, म्हणजे गोवरीचा, तुकडा. आम्हा मुलांना बंबाजवळ जायची परवानगी होती, पण एक गोष्ट आजीनं पाठ करून घेतली होती: आधी पाणी, मग जाळ. कोरडा बंब पेटवला तर पत्र्याचे सांधे जोडणारा डाख सुटतो, सांध्यातून पाणी गळायला लागतं आणि बंब तांबटाकडे जातो. डाखात कथिल असतं आणि शुद्ध कथिल २३२ अंशांला वितळतं, हे मला पुढं शाळेत शिकवायला लागल्यावर समजलं. पलीकडे पाणी असेल तोवर पत्रा शंभराच्या फार वर जात नाही. पाणी नसेल तर काटक्यांचा साधा जाळसुद्धा त्याला सहज चारशे-पाचशे अंशांवर नेतो. किटलीच्या कागदावर पहिली सूचना तीच होती, आजीचीच: पाणी भरल्याशिवाय पेटवू नका.

पण माझा जाळच धरत नव्हता, त्याचं काय? त्यासाठी मला गुऱ्हाळावर जावं लागलं.

माझ्या मावशीचं गाव करवीर तालुक्यात. तिच्या दिरांचं गुऱ्हाळ नोव्हेंबरात जोरात चालू असतं. काहिलीतल्या रसाकडे सगळ्यांचं लक्ष असतं, गुळव्याला मान असतो. पण मला आधीपासून बघावंसं वाटतं ते चुलवाण, काहिलीखालची भट्टी. तिथं जे मामा बसतात ते पंचवीस-तीस वर्षं त्याच जागी बसलेत. समोर उसाच्या वाळलेल्या चिपाडाचा ढीग, हातात काठी. मूठभर चिपाड आत, काठीनं ढकललं, पुन्हा मूठभर. हात थांबत नाही आणि घाईही करत नाही. मी किटली त्यांच्यापुढं ठेवली आणि गच्चीत काय झालं ते सगळं सांगितलं. वाटीत काटक्या गच्च भरल्या, वर किटली ठेवली, भोकातून फुंकत बसले.

मामांनी वाटीच्या भोकात बोट घालून बघितलं. "धुराडं हाय म्हंजे वढ हाय. वढ हाय तर तुम्ही फुंकतायसा कशाला?"

मग म्हणाले, "तुम्ही घास मोठा घालतायसा ताई. बारका घाला. पयला संपायच्या आत दुसरा. पर तोंड बुजवायचं न्हाई." आणि पुढं, चुलवाणाच्या उंच धुराड्याकडे हनुवटी करून, "धुराकडं बघा. पांढरा आला तर वलं हाय. काळा आला तर जास्ती झालं. दिसंनासा झाला की बरोबर."

ही तीन वाक्यं मी त्या दिवशी वहीत लिहून घेतली. त्यांच्यासमोरच तिथल्या मातीत वाटी ठेवली. एक कापराची वडी, तिच्यावर चिमूटभर चिपाड, ते धरल्यावर किटली वर. भोक वाऱ्याच्या तोंडाला केलं. पेन्सिलीपेक्षा बारीक चिपाडं दोन-दोन, तीन-तीन करून वरून सोडत गेले. फुंकर नाही, काही नाही. अर्ध्या मिनिटात आत घुमल्यासारखा आवाज सुरू झाला. गरम हवा नळकांड्यातून वर पळते, तिच्या जागी भोकातून नवी हवा ओढली जाते, आणि जाळ जेवढा तापेल तेवढी ओढ वाढते. बंबसुद्धा पेटला की असाच घुमायचा. आजी दुसऱ्या खोलीतून तो आवाज ऐकून सांगायची, "धरला." किटली चार मिनिटांत उकळली. मामांना त्याच पाण्याचा चहा दिला. त्यांनी तो चुलवाणावरची नजर न काढता प्यायला.

जळणाबद्दल गेल्या दोन वर्षांत मला जे कळलं ते एवढं. चिपाड भुरकन पेटतं आणि भुरकन संपतं, त्यामुळं हात सतत चालवावा लागतो. पाचट त्याहून उतावळं, सुरुवातीला धरवायला चांगलं. नारळाची शेंडी उत्तम. करवंटी फोडून बोटाएवढे तुकडे केले तर ती तेलासारखी जळते.  शेणी धीमी, पण पावसात तिच्याइतका भरवसा कशाचा नाही. डोंगरात कारवीच्या वाळक्या काड्या, करवंदीच्या मेलेल्या फांद्या. कशाचीही ओली फांदी तोडायची नाही; तोडून उपयोगही नाही, नुसती धुमसते. कण्हेरीची काडी मात्र चुकूनही घालायची नाही, तिचा धूरसुद्धा विषारी. शेराच्या झाडाचाही धूर डोळ्यांना झोंबतो.

डिसेंबरात मसाई पठारावर गेलो. पन्हाळ्याच्या पुढं म्हाळुंग्याकडून चढलं की एकदम सगळं सपाट होतं, आणि मग नजर जाईल तिथवर जांभ्याचा सडा. पावसाळ्याच्या शेवटी इथं फुलांचा गालिचा असतो. थंडीत गवत पिवळं पडतं आणि मग दिसायला लागतात ती काळी वर्तुळं. तीन दगड, मधे ओंडका, रात्रभर शेकोटी, सकाळी तशीच सोडून पुढं. जांभ्यावर माती असते बोटभर, कुठं तेवढीही नाही. त्या मातीत पुढच्या पावसाची बीजं आणि कंद झोपलेले असतात. जाळ झालेल्या जागी पुढच्या वर्षी काही उगवत नाही. मी अशी तीन वर्तुळं सलग तीन वर्षं बघते आहे, अजून काळीच आहेत. मला त्याचा राग येतो. डोंगरावर प्रेम आहे म्हणून येणारेच हे करतात, म्हणून जास्त येतो.

वाटी उघड्या कातळावर ठेवली. गवतावर ठेवायची नाही, बूड चांगलंच तापतं. देवळाजवळच्या सपाटीवर पहाटे साडेसहाला कडाक्याची थंडी होती. काटक्यांची एक ओंजळ पुरली. कातळावर काळा डाग नाही, दगड सरकवलेले नाहीत. राख थंड झाल्यावर मुठीत मावेल एवढी.

चूक त्याच दिवशी झाली. थंडीत चहा सगळ्यांना लागतो म्हणून मी किटली अगदी गळ्यापर्यंत भरली. उकळी आली तसं तोटीतून पाणी फुसफुसत उसळलं. भाचा तोटीच्या बरोबर समोर उकिडवा बसून काटक्या टाकत होता. त्याला बखोटीला धरून मागं ओढला, तरी उकळत्या पाण्याचे चार-पाच थेंब त्याच्या पोटरीवर उडालेच. बाटलीतलं गार पाणी पायावर बराच वेळ ओतत राहिले. फोड आला नाही, पण दोन दिवस लाल होतं. बहिणीला फोनवर सांगताना माझा आवाज बसला होता. तेव्हापासून तोटीच्या खाली दोन बोटं जागा सोडून भरते, आणि तोटी ज्या बाजूला कुणी बसणार नाही त्या बाजूला.

किटलीच्या तोटीला एक बूच असतं, साखळीला लावलेलं. ते फक्त पाणी घेऊन चालताना सांडू नये म्हणून. जाळावर असताना ते लावायचं नाही. नाही म्हणजे नाही. वाफेला दुसरी वाट नसते. एकतर बूच गोळीसारखं सुटेल, नाहीतर उकळतं पाणी कुठूनतरी फुटून अंगावर येईल. एकदा मैत्रिणीनं राख पडू नये म्हणून चांगल्या मनानं बूच घट्ट बसवलं होतं. नशीब, अजून काडी ओढली नव्हती. आता पाणी भरलं की बूच माझ्या खिशात.

उचलायची रीतही शिकावी लागते. कडी सरळ वर धरून उचलली तर हात बरोबर धुराड्याच्या वर येतो आणि तिथून जाळाची जीभ वीतभर बाहेर येत असते. कडी दोन्ही बाजूंनी दोन हातांनी धरायची, आडवी, आणि किटली वाटीवरून सरळ उचलून बाजूला ठेवायची. ओतताना एका हातात कडी, दुसऱ्या हातानं साखळी वर ओढली की किटली कलते.

आता चहा. इथं आयरिश लोकांचं आणि आपलं जमत नाही. किटलीत फक्त पाणी उकळायचं. दूध घातलं तर आतल्या पत्र्याला करपून बसतं आणि त्या पोकळीत हात जात नाही, घासणार कसं? आणि आपल्याला तर आलं ठेचून, साखर घालून, दूध वर येईपर्यंत उकळलेला चहा लागतो. वरून गरम पाणी ओतलेल्या चहाला आमचे आप्पा चहा म्हणतच नाहीत. पहिल्या खेपेला दुधाची पावडर नेली. कुणी काही बोललं नाही, पण कपात तळाला उरलेला चहा मला दिसला.

मग सापडली ती रीत अशी. किटली उतरवली की वाटीत निखारे लाल असतात. त्यावर लगेच छोटं पातेलं ठेवायचं. उकळतं पाणी, ठेचलेलं आलं, गवती चहाच्या दोन पाती, चहा पावडर, आणि चार काटक्या भोकातून आत. पाणी आधीच उकळतं असल्यानं मिनिटभरात चहाला रंग येतो. दूध घरून तापवून थर्मासमध्ये. साखरेऐवजी मावशीकडचा गूळ नेला तर दूध पातेलं उतरवल्यानंतर घालायचं, गूळ आणि दूध एकत्र उकळलं की फाटतं. मसाई पठारावर दुसऱ्या दिवशी केलेला तो गुळाचा चहा आप्पांसाठी थर्मासमधून घरी आणला. संध्याकाळी प्यायले. "बंबाच्या पाण्याचा चहा बरा होतो," म्हणाले.

जुलैत पन्हाळा ते पावनखिंड. शिवाजी महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटून विशाळगडाकडे गेले, बाजीप्रभूंनी खिंड लढवली, ते १३ जुलै १६६०. त्या दिवसांत दरवर्षी शेकडो माणसं ती वाट चालतात. वाट कसली, गुडघाभर चिखल, ओढे, भातखाचरांचे बांध, आणि वरून धो धो. इथं काटकी कोरडी मिळणं शक्य नाही हे धरूनच मी निघाले होते. पाठपिशवीत प्लॅस्टिकमध्ये दुहेरी बांधलेलं अर्धा किलो जळण: चिपाड, फोडलेल्या करवंट्या, शेणीचे तुकडे, कापूर. त्यातलं अर्धंच लागलं.

संध्याकाळी एका वाडीत ओसरीवर जागा मिळाली. आम्ही ११ जण, सगळे निथळत होतो. घरच्या आजी म्हणाल्या, चूल पेटलीय, आत या. पण त्यांच्या चुलीवर आधीच त्यांच्या घरच्या आठ माणसांच्या भाकरी चालल्या होत्या. मी वळचणीखाली, मोकळ्या हवेत, कोरड्या दगडावर वाटी ठेवली. पाऊस पाच हातांवर पडत होता. तंबूत किंवा बंद खोलीत ही किटली पेटवायची नाही. आगीची भीती आहेच, पण त्याहून वाईट न दिसणारा विषारी वायू, कार्बन मोनॉक्साइड. तीन किटल्या उकळल्या. दोन चहाला, तिसरी प्यायच्या पाण्याला. ओढ्याचं पाणी आधी सुती फडक्यातून गाळलं, मग खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट तसंच उकळत ठेवलं. आपल्या उंचीला तेवढं पुरतं. दोन हजार मीटरच्या वर गेलात तर तीन मिनिटं, कारण उंचावर पाणी कमी तापमानालाच उकळतं. तिसरी किटली उकळेपर्यंत पहिल्या दोन्हींच्या जाळावर ओलसर काटक्याही वाळल्या होत्या. धुराड्याच्या तोंडाशी आडव्या ठेवल्या की त्या तिथंच वाळतात आणि मग आत जातात.

भावाला त्या रात्री फोटो पाठवला. त्यानं सांगितलं, ही केली केटल जिथली, तो पश्चिम आयर्लंडमधला मेयो परगणा, तिथं पाऊस असाच. लॉक कॉन नावाच्या तळ्याकाठच्या केली कुटुंबानं ती १८९० च्या दशकात बनवायला घेतली. भिजून आलेल्या माणसाला तळ्याकाठी चटकन गरम काहीतरी मिळायचं. न्यूझीलंडमध्ये जॉन हार्ट यांनी १९२९ मध्ये अशीच एक 'थर्मेट' केली. दुसऱ्या महायुद्धात न्यूझीलंडच्या सैनिकांनी ती उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात वापरली आणि तिला 'बेंगाझी बॉयलर' म्हणायला लागले. ओसरीवरच्या आजींना मी हे वाचून दाखवलं. त्या धुराड्यात वाकून बघत होत्या. "आमच्याकडंबी व्हता बंब," म्हणाल्या. "पोरांनी हीटर आणला तवा मोडीत घातला. तांब्याचं पैशे चांगलं आलं."

होळी झाली की मी किटली माळ्यावर ठेवते. फाल्गुनापासून डोंगराचं गवत नुसतं काडीची वाट बघत असतं, आणि धुराड्यातून ठिणगी उडते. कमी उडते, पण उडते. वणवा लागायला एक पुरते. राधानगरी-दाजीपूरच्या अभयारण्यात तर बारा महिने नाही. तिथं अभयारण्याला धोका होईल असा जाळ करणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे आणि तसाच असायला हवा. तिकडं जाताना थर्मास नेते. जिथं पेटवते तिथं निघताना राखेवर पाणी ओतते आणि हात लावून बघते. हाताला गार लागेपर्यंत जागा सोडत नाही, मागं कितीही घाई करणारे असले तरी.

यंदा दिवाळीनंतर आप्पांनी एक काम काढलं आहे. जुन्या घरचा बंब काकांकडे अडगळीत पडून होता. डाख सुटलेला, तोटी नाही, पण तांबं जाड आणि चांगलं. तो त्यांनी एका तांबटकाकांकडे नेला आणि माझी किटली शेजारी ठेवून म्हणाले, या बंबातून अशी एक करून द्या, दोन लिटरची. काकांनी किटलीच्या धुराड्यात दोरी सोडून माप घेतलं, वरच्या तोंडाचं आणि खालच्या तोंडाचं. डाख चालणार नाही म्हणाले, काटक्या थेट पत्र्याला लागणार, पितळेनं झाळावं लागेल. मागच्या रविवारी ती पहिल्यांदा पाण्यानं भरली. धुराड्याच्या खालच्या सांध्यातून एक थेंब हळूहळू फुगला आणि पडला. काकांनी खडूनं तिथं खूण केली. पुढच्या रविवारी परत बोलावलंय. आप्पा चिपाडाची पिशवी घेऊन येणार आहेत.